कॉमन फोल्डरचा उकिरडा झालाय, सर्व्हरवर प्रत्येकाचं वेगळं खातं कसं लावू?

शिरोलीची_अकाउंट्सवाली

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही मशीनिंग करून पुढं पाठवतो. मी अकाउंट्सला, पण प्रिंटर अडकला, नेट गेलं, काहीही झालं की "मॅडमना विचारा" हे ठरलेलं. लग्नाआधी राजारामपुरीत एका कॉम्प्युटर क्लासला शिकवत होते, ते मालकांच्या कानावर गेलं आणि तेव्हापासून हे मागं लागलंय.

एकूण १८ कॉम्प्युटर. त्यातला विंडोज १० प्रोचा एक स्टोअरच्या टेबलाखाली असतो, त्याला सगळे 'सर्व्हर' म्हणतात. त्याच्या डी ड्राइव्हवर 'कॉमन' नावाचा एक फोल्डर, एव्हरीवनला फुल कंट्रोल, पासवर्ड नाही. ज्यानं हे लावून दिलं तो हार्डवेअरवाला आता फोन उचलत नाही.

आता दुखणी सांगते. परवा अख्खा 'क्वालिटी' फोल्डर गायब. सकाळभर शोधाशोध, कस्टमरचा ऑडिटर येऊन बसलेला, आणि संध्याकाळी तो सापडला 'परचेस'च्या आत 'व्हेंडर कोटेशन'मध्ये. कुणी केलं? कुणीच नाही. दुसरं, डिझाईनचा मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेला. त्याचं सगळं काम त्याच्या डेस्कटॉपवर. पीसी नव्या मुलाला दिला, त्यानं डेस्कटॉप स्वच्छ केला. एका ब्रॅकेटचं रिव्हिजन सी त्यातच होतं, कॉमनमध्ये होतं बी. शॉपवर बी प्रमाणं माल निघाला. पुढचं काय झालं ते लिहीत नाही.

तिसरं, नवीन दोन विंडोज ११ चे लॅपटॉप कॉमन उघडतच नाहीत, 'सिक्युरिटी पॉलिसी'चं काहीतरी सांगतात. आणि अधूनमधून सकाळी सगळे एकदम आले की शेवटी येणाऱ्याला 'आता आणखी कनेक्शन होऊ शकत नाही' असा मेसेज.

मला हवंय असं: प्रत्येकाला सर्व्हरवर स्वतःचा एक फोल्डर, जो दुसऱ्याला दिसणार नाही. आणि डिपार्टमेंटचे कॉमन फोल्डर, ज्यात ज्याचं त्यालाच लिहिता येईल. पगाराची शीट आज 'नवीन फोल्डर ७' नावाच्या फोल्डरात लपवून ठेवलीय, यावरून ओळखा. त्यासाठी विंडोज सर्व्हरच घ्यावा लागतो का? डोमेन वगैरे? मालक म्हणतात, कमीत बसवा.

फायबरवाला_राजारामपुरी

ताई, २०२६ चालू आहे. सर्व्हर कशाला पाळायचा? सगळं क्लाउडवर टाका, माणशी महिन्याला पैसे भरा, विषय संपला. कोण सोडून गेलं तरी डेटा कंपनीकडंच राहतो. लाइन मी देतो.

जुना_सिस्टीमवाला

फायबरवाल्या भावा, लाइन तू दे, पण शिरोलीत पावसाळ्यात ती किती वेळ चालू असते तेही सांग. मेल, एक्सेल, वर्ड क्लाउडवर जाऊ दे, माझी ना नाही. पण एका असेंब्लीखाली शंभर पार्ट फाइल जोडलेल्या असतात, त्या सकाळी सगळ्या एकदम उघडायला ऑफिसातल्याच डब्याएवढं स्वस्त काही नाही.

ताई, तुमच्या चारही दुखण्यांची कारणं वेगवेगळी आहेत.

लॅपटॉपचं आणि कनेक्शनचं एका दमात सांगतो. विंडोज १० किंवा ११ प्रो फोल्डर शेअर करतं, पण एका वेळी २० कनेक्शन, बास. ती मर्यादा लायसनमधलीच आहे, सेटिंग बदलून वाढत नाही. पीसी, नवे लॅपटॉप, वर फोल्डरात स्कॅन टाकणारं झेरॉक्स मशीन, झाले की वीस. आणि विंडोज ११ च्या २४एच२ या अपडेटपासून प्रोमध्येसुद्धा बिनपासवर्डाचं गेस्ट कनेक्शन मुळातच बंद असतं. तोच तुमचा 'सिक्युरिटी पॉलिसी'चा मेसेज. यूट्यूबवर कुणीतरी रजिस्ट्रीत एक आकडा बदलून ते चालू करायला सांगेल. करू नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला तो एसएमबीच्या (विंडोज ज्या भाषेत फोल्डर शेअर करतं तिच्या) पहिल्या, जुन्या आवृत्तीतल्या भोकातून. त्या भोकाचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, दोन महिने आधीच, मार्चमध्ये निघाला होता, पण ज्यांनी लावला नाही त्यांच्याकडं एका पीसीतून शेजारच्या पीसीत तो आपोआप शिरत गेला. तुमच्या त्या टेबलाखालच्या विंडोज १० चा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. म्हणजे लॅपटॉप बरोबर वागतोय, चुकतोय तो तुमचा 'सर्व्हर'.

'क्वालिटी' फोल्डर कुणी मुद्दाम हलवला नाही. फोल्डरवर क्लिक करताना माऊसचं बटण जरा जास्त वेळ दाबलं गेलं, हात सरकला, सुटला, आणि शेजारच्या फोल्डरात पडला. एकाच ड्राइव्हमध्ये ओढलं की विंडोज फोल्डर 'हलवतं'. ड्राइव्हचं अक्षर वेगळं असेल तर ओढल्यावर 'कॉपी' होतं. हा फरक नीट लक्षात ठेवा. आज तुमचा 'कॉमन' हा एकच शेअर, म्हणजे नेटवर्कवर खुला केलेला फोल्डर, आहे, त्याच्या आत दहा डिपार्टमेंटं. त्याऐवजी प्रत्येक डिपार्टमेंटचा वेगळा शेअर करा आणि प्रत्येकाला वेगळं अक्षर द्या: क्वालिटीला क्यू, परचेसला पी. मग हात सरकला तरी फार तर एक जादा कॉपी पडेल, मूळ जागेवरच राहील.

याचा आणखी एक फायदा आहे आणि तो फार लोकांना ठाऊक नसतो. एकाच शेअरच्या आत फाइल एका फोल्डरातून दुसऱ्यात ओढली की सर्व्हर ती फाइल पुन्हा लिहीत नाही, नुसता तिचा पत्ता बदलतो. तिच्या परवानग्या मात्र जुन्या फोल्डरातल्या तशाच चिकटून येतात. म्हणून "मी कॉमनमध्ये टाकलंय" आणि "मला उघडत नाही" ही दोन्ही माणसं एकाच वेळी खरं बोलत असतात. शेअर वेगळे असले की, कट-पेस्ट करून हलवली तरी, विंडोज ती फाइल नव्यानं कॉपी करून मागची पुसतं, आणि नवी फाइल नव्या फोल्डराच्या परवानग्या घेते.

एकच मोठा शेअर ठेवायचा असेल तर निदान वरची पातळी कुलूपबंद करा. लिनक्सवर सोपं आहे: वरच्या फोल्डरचा मालक रूट (लिनक्सचा ॲडमिन), परवानगी ७५५, म्हणजे मालकाला सगळं, बाकीच्यांना नुसतं वाचायला आणि आत शिरायला. मग त्यातला 'क्वालिटी' कुणाला ना हलवता येतो, ना त्याचं नाव बदलता येतं, पण आत शिरून काम करता येतं. विंडोजवर हेच 'फक्त हा फोल्डर' आणि 'फक्त आतले फोल्डर आणि फाइली' अशा दोन वेगळ्या नोंदी करून साधावं लागतं, कारण सरळ 'मॉडिफाय' दिलं की त्यात खुद्द तो फोल्डर डिलीट करायचा हक्कही येतो.

आता मुख्य. होम आणि कॉमन या दोन गोष्टींत गल्लत करू नका. होम म्हणजे माणसाचं: त्याचा मसुदा, रजेचा अर्ज, अर्धवट काम. कॉमन म्हणजे कामाचं: ड्रॉइंग, इन्स्पेक्शन रिपोर्ट, पीओ. ज्याच्यावाचून दुसऱ्याचं काम अडेल ते होममध्ये राहता कामा नये, मग ते डेस्कटॉपवर असो की सर्व्हरवर. नाहीतर नुसती जागा बदलेल. त्या मुलाचं रिव्हिजन सी सर्व्हरवरच्या त्याच्या होममध्ये असतं तरी शॉपवाल्यांना बी च दिसलं असतं.

परवानगी कधीही माणसाच्या नावानं देऊ नका, कामाच्या नावानं ग्रुप करा आणि ग्रुपला द्या. 'डिझाईन_लिहिणारे', 'डिझाईन_वाचणारे', 'पगार'. माणूस आला की ग्रुपमध्ये टाकायचा, गेला की काढायचा, फोल्डरला हात लावायचा नाही. माणसांच्या नावानं दिलेल्या परवानग्यांचं काय होतं सांगतो. विंडोजवर खातं डिलीट केलं की नावाच्या जागी एस-१-५-२१ नं सुरू होणारा लांबलचक आकडा उरतो आणि तो कोण हे कुणालाच सांगता येत नाही. लिनक्सवर याहून वाईट. तिथं फाइलवर नाव नसतं, युजरचा नंबर असतो. सगळ्यात शेवटी आलेल्याचं खातं उडवलं आणि लगेच नवा माणूस घेतला, तर खातं काढायची 'युजरॲड' ही कमांड त्याला तोच मोकळा झालेला नंबर देतं. जुन्याच्या साऱ्या फाइली नव्याच्या मालकीच्या! म्हणून माणूस गेला तरी खातं उडवायचं नाही, लॉक करायचं. त्याचं होम 'सोडून गेलेले' नावाच्या फोल्डरात हलवायचं, त्याच्या डिपार्टमेंटच्या प्रमुखाला वाचायची परवानगी द्यायची, तीनेक महिन्यांत कामाचं काय ते बाहेर काढून घ्यायला सांगायचं.

डबा कुठला? १८ माणसांना विंडोज सर्व्हर लागत नाही. तो घेतला की सर्व्हरचं लायसन वेगळं आणि प्रत्येक युजरचं किंवा मशीनचं ॲक्सेस लायसन वेगळं. डोमेन, म्हणजे सगळ्यांची खाती एका जागी सांभाळणारी व्यवस्था, तीही सध्या नको. माणसं रोज वेगळ्या पीसीवर बसत असतील किंवा पन्नाशीकडं जाणार असाल तेव्हा बघू. तेव्हासुद्धा सांबा (लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला शेअर करून देणारं सॉफ्टवेअर) हे काम करतं, २०१२ च्या डिसेंबरातल्या ४.० आवृत्तीपासून ते स्वतःच ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डोमेनचा, कंट्रोलर होऊ शकतं. तुमच्यापुढं दोन वाटा: दोन डिस्कचा तयार नॅस (नेटवर्कला जोडायचा, फाइली ठेवायचा डबा), किंवा एखादा बरा जुना पीसी आणि त्यावर लिनक्स. बहुतेक नॅसच्या पोटातही सांबाच असतं, वर रंगीत बटणं. तुम्ही एकट्याच बघणार आहात, तर बटणंवाला घ्या.

तरीही आत काय चालतं ते माहीत असू द्या. सांबात 'होम्स' नावाचा एक खास सेक्शन असतो. तो लिहिला की प्रत्येक युजरला त्याच्या नावाचा शेअर आपोआप मिळतो, अठरा शेअर हातानं लिहावे लागत नाहीत. त्यात 'ब्राउझेबल' नो करायचं आणि 'व्हॅलिड युजर्स'मध्ये %S (शेअरचं, म्हणजे इथं युजरचंच नाव) लिहायचं, म्हणजे ज्याचं होम त्यालाच प्रवेश. होमची परवानगी ७००, म्हणजे मालकाशिवाय कुणाला काही नाही. उबुंटूत २१.०४ च्या आधी नवीन होम ७५५ नं तयार व्हायचं, म्हणजे शेजाऱ्याला वाचता यायचं. जुनं मशीन वापरणार असाल तर हे आधी तपासा. होमचा फोल्डर मात्र सांबा स्वतः तयार करत नाही, तो आधी असावा लागतो. आणि लिनक्सचा पासवर्ड वेगळा, सांबाचा वेगळा. 'smbpasswd' या कमांडनं युजर पुन्हा घालावा लागतो, इथं निम्मे लोक अडकतात.

कॉमन फोल्डरला २७७०, म्हणजे मालकाला आणि ग्रुपला सगळं, बाकीच्यांना काही नाही. पुढचा तो २ महत्त्वाचा, त्यामुळं आत तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या फाइलला फोल्डरचाच ग्रुप लागतो. आणि सांबात 'क्रिएट मास्क' (नव्या फाइलींसाठी) ०६६०, 'डिरेक्टरी मास्क' (नव्या फोल्डरांसाठी) २७७०. हे दिलं नाही तर सांबाची मूळ किंमत ०७४४ लागू होते, म्हणजे ग्रुपमधल्या बाकीच्यांना फाइल वाचता येते, लिहिता येत नाही.

इथं एक्सेलची एक खोड सांगतो. आपल्याला वाटतं सेव्ह केलं म्हणजे त्याच फाइलवर लिहिलं. एक्सेल तसं करत नाही. ते शेजारी एक तात्पुरती फाइल उघडतं, सगळं तिच्यात लिहितं, जुनी बाजूला काढतं आणि नवीचं नाव बदलून जुनीचं देतं. म्हणजे दर सेव्हला ती एक नवी फाइल असते आणि तिचा मालक ज्यानं शेवटचं सेव्ह केलं तो. "काल उघडत होतं, आज रीड-ओन्ली म्हणतंय" हे गाऱ्हाणं बहुतेक वेळा इथून येतं. आणि कुणीतरी शहाणपणा करून 'लिहू द्या पण डिलीट करू देऊ नका' अशी परवानगी देतं. मग एक्सेलला जुनी फाइल बाजूला काढता येत नाही, सेव्ह फसतं आणि फोल्डरात विचित्र नावाच्या तात्पुरत्या फाइलींचा ढीग पडतो. ज्या फोल्डरात एक्सेलमध्ये काम चालतं तिथं डिलीटचा हक्क द्यावाच लागतो. सुरक्षितता दुसरीकडून आणायची.

ड्रॉइंगसाठी वेगळी तऱ्हा. 'डिझाईन'च्या आत 'चालू' आणि 'रिलीज' असे दोन फोल्डर. 'चालू'त डिझाईनवाले काहीही करू देत. 'रिलीज'मध्ये लिहायचा हक्क फक्त डिझाईनच्या प्रमुखाला. शॉपवरच्या पीसीचं एक वेगळं खातं काढा, त्याला 'चालू' दिसतच नाही आणि 'रिलीज' नुसतं वाचता येतं. 'रिलीज'मध्ये एका पार्टचं एकच रिव्हिजन. नवं आलं की जुनं तिसऱ्या फोल्डरात, तोही शॉपला दिसत नाही. मशीनशेजारी भिंतीला चिकटवलेल्या तेलकट प्रिंटचा बंदोबस्त सर्व्हर करू शकत नाही, तो तुमच्या सुपरवायझरनं करायचा.

कोटा, म्हणजे जागेची मर्यादा, लावा. माणशी होमला १० जीबी सॉफ्ट, १२ हार्ड. सॉफ्ट ओलांडलं तरी काम चालतं, पण सवलतीचा काळ सुरू होतो, लिनक्समध्ये तो मुळात सात दिवसांचा असतो. तो संपला की नवीन काही लिहिता येत नाही. हार्डला मात्र तिथंच थांबतं. कोटा भरतो कामानं नाही, लग्नाच्या फोटोंनी. आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइलही होममध्ये ठेवू देऊ नका. नेटवर्क शेअरवर पीएसटी ठेवणं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सपोर्ट करत नाही.

शेवटचं: सर्व्हरवरची फाइल आपल्या पीसीवरून डिलीट केली की ती आपल्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. नॅसवर शेअरनिहाय रिसायकल बिन चालू करा आणि स्नॅपशॉट (त्या क्षणी फाइली जशा होत्या तशी नोंद) मिळत असतील तर दर तासाला घ्या. मग फोल्डरवर उजवं क्लिक करून 'प्रीव्हियस व्हर्जन्स'मधून सकाळी अकराचा फोल्डर परत आणता येतो. पण स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे आणि दोन डिस्कची रेड (दोन्हीवर तोच डेटा ठेवायची सोय) म्हणजे तर नव्हेच. एका डिस्कवर डिलीट केलं की दुसरीवरही त्याच क्षणी होतं. बॅकअप वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या इमारतीत.

पंचगंगा_काठ

बॅकअपच्या मुद्द्याला जोड. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं तेव्हा कंपनीत पाणी शिरलं नसलं तरी कंपनीपर्यंत पोचता येत नव्हतं. आमच्या ऑफिसात मशीन कोरडं ठणठणीत होतं आणि जीएसटीचा डेटा काढायला कुणी जाऊ शकत नव्हतं. बॅकअपची एक डिस्क गावात, नदीच्या त्या बाजूला कुणाच्या तरी घरी वरच्या मजल्यावर असू दे. आणि तो डबा टेबलाखालून काढून आधी भिंतीला वर लावा.

लक्ष्मीपुरी_डीटीपी

एक गोष्ट कुणी सांगितली नाही. फाइलींची नावं मराठीत असतील तर विंडोजवरून नॅसवर हलवताना काही फाइली येणारच नाहीत. विंडोज डिस्कवर फाइली एनटीएफएस पद्धतीनं ठेवतं, त्यात नावाला २५५ अक्षरं चालतात. लिनक्सच्या ईएक्सटी४, बीटीआरएफएस या पद्धतींत २५५ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (लिनक्स ज्या पद्धतीनं अक्षरं साठवतं तिच्यात) तीन बाइट खातं, काना-मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात. नुसतं 'कोल्हापूर' २७ बाइट! म्हणजे सगळी मिळून ८५ चिन्हं, संपलं. 'मे. अमुक तमुक यांचे दिनांक अमुकचे पत्रास अनुसरून द्यावयाचे उत्तर अंतिम सुधारित' असली नावं असतात की नाही? आमच्याकडं पत्रिकांच्या फाइलींची अशीच असतात. काही नॅसवर शेअर एन्क्रिप्ट केला तर मर्यादा आणखी खाली, १४३ बाइटवर येते, म्हणजे ४७ चिन्हं. हलवायच्या आधीच नावं छाटा.

आणि 'दुसऱ्या', 'अपुऱ्या' मधला तो ऱ. काही कीबोर्ड तो एकच चिन्ह म्हणून टाइप करतात, काही र आणि खाली नुक्ता असा दोन चिन्हांत. डोळ्याला एकच, सर्व्हरला दोन वेगळी नावं. एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली दिसल्या तर भूत नाही, हे कारण.

शिरोलीची_अकाउंट्सवाली

सगळ्यांचे आभार, विशेषतः सिस्टीमवाले दादांचे. मालकांनी कुरकुर करत दोन डिस्कचा नॅस घेऊन दिला. सुट्टीच्या दिवशी मी आणि डिझाईनचा नवा मुलगा बसून डेटा हलवला. डीटीपीवाल्यांनी सांगितलं तसंच झालं, शेवटी अडलेल्या फाइली सगळ्या एचआरच्या पत्रांच्या निघाल्या.

आता नवीन अडचणी. माझ्या पीसीवरून 'पगार' शेअर उघडायला माझं नाव-पासवर्ड दिला तर म्हणतंय, एकाच सर्व्हरला एकाहून जास्त युजरनावांनी जोडता येत नाही. क्वालिटीच्या एकाला मी 'डिझाईन_वाचणारे' मध्ये घातलं, तरी त्याला 'रिलीज' दिसत नाही. झेरॉक्स मशीन स्कॅन पाठवतच नाही. आणि परचेसचे साहेब रुसलेत, "पंधरा वर्षं इथं आहे, माझ्यापासून काय लपवताय" म्हणतात. त्यात मालकांना सगळ्यांची होम बघायची परवानगी पाहिजे. काय सांगू?

जुना_सिस्टीमवाला

पहिलं: तुमच्या पीसीनं आधीच कुठल्या तरी दुसऱ्या नावानं नॅस जोडून ठेवलाय, बहुतेक मांडणी करताना वापरलेलं ॲडमिनचं. विंडोज एका सर्व्हरला एका वेळी एकाच नावानं बोलतं. १२१९ नंबरची एरर हीच. क्रेडेन्शियल मॅनेजरमधून जुनी नोंद काढा, 'नेट यूज' या कमांडनं जुनी जोडणी तोडा, लॉगऑफ करून परत या. यापुढं सोपं व्हावं म्हणून प्रत्येकाचं पीसीवरचं युजरनाव-पासवर्ड आणि नॅसवरचं एकच ठेवा. मग विंडोज विचारतच नाही.

दुसरं: माणूस कुठल्या ग्रुपात आहे हे लॉगिन होताना ठरतं. चालू सेशनला नवा ग्रुप कळत नाही. लॉगऑफ, लॉगइन. नाहीच झालं तर पीसी रीस्टार्ट.

झेरॉक्सवालं मशीन जुनं असेल तर त्याला एसएमबीची पहिली आवृत्तीच येत असणार, आणि सांबानं ती २०१९ च्या ४.११ पासून मुळातच बंद ठेवलीय. त्या मशीनसाठी नॅसवर ती चालू करू नका. मशीनमध्ये एफटीपीनं (फाइली पाठवायच्या जुन्या पद्धतीनं) स्कॅन पाठवायची सोय असते. 'स्कॅन' नावाचं खातं काढा, त्याला फक्त 'स्कॅन' फोल्डरात लिहायचा हक्क द्या, बाकी काही नाही. एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, म्हणून तो पासवर्ड दुसरीकडं कुठंही वापरलेला नसावा. आणि तो फोल्डर दर महिन्याला रिकामा होईल असं लावा, नाहीतर सगळ्यांचे आधार कार्डाचे स्कॅन वर्षानुवर्षं तिथं पडून राहतील.

परचेसच्या साहेबांना सांगा, तुमच्या पीसीवर उद्या एखाद्या मेलमधून रॅन्समवेअर आलं तर ते तुमच्याच हक्कानं फिरणार. ज्या फोल्डरात तुम्हाला लिहिता येतं तेवढेच फोल्डर ते कुलूप घालून बंद करणार. हक्क कमी म्हणजे आळ कमी. पटलं नाही तर त्यांना 'रिलीज' वाचायची परवानगी देऊन टाका, त्यानं काही बिघडत नाही, माणूस खूष.

मालकांचं मात्र अवघड आहे. माझं मत विचाराल तर देऊ नका. होम उघडं आहे असं एकदा कळलं की लोक तिथं काही ठेवणार नाहीत, परत डेस्कटॉपवर ठेवतील, नाहीतर पेनड्राइव्हवर, आणि तुम्ही जिथून निघालात तिथंच परत याल. मालकांना जे बघायचंय ते कामाचं असेल तर ते कॉमनमध्ये असलं पाहिजे, तिथं त्यांना सगळीकडं वाचायची परवानगी आहेच. खरोखर वेळ आली तर ॲडमिनच्या खात्यातून उघडता येतं, पण ते दोघांसमक्ष आणि लिहून ठेवून.

तुमचं टॅली कुठं आहे ते लिहिलं नाहीत. एकाहून जास्त लोक वापरत असतील तर डेटाचा फोल्डर शेअर केलेला असणार, आणि टॅलीला त्यात प्रत्येकाला लिहायचा-पुसायचा पूर्ण हक्क लागतो. म्हणजे टॅलीच्या आत पासवर्ड कितीही कडक असला तरी बाहेरून, एक्सप्लोररमधून, कुणीही तो फोल्डर उडवू शकतो. तो वेगळ्या शेअरमध्ये ठेवा, फक्त अकाउंट्सच्या ग्रुपला दाखवा, त्याला ड्राइव्हचं अक्षर देऊ नका. डेटा फोल्डर उघडा न ठेवता चालवायला टॅलीप्राइम सर्व्हर मिळतो, पण तीन माणसांसाठी तो खर्च करायचा का हे तुम्हीच ठरवा. आणि टॅलीचा बॅकअप टॅलीमधूनच घ्या, सगळे बाहेर पडल्यावर. चालू डेटाचा फोल्डर तसाच कॉपी केला तर अर्धवट लिहिलेली फाइल पकडली जाते आणि ते कळतं परत आणायच्या दिवशी.

शिरोलीची_अकाउंट्सवाली

टॅली माझ्याच पीसीवर आहे, तिघी वापरतो, आणि हो, फोल्डर एव्हरीवनला उघडा. आज संध्याकाळी बिलं संपली की हलवते. १२१९ चं तुम्ही सांगितलं तसं केलं, 'पगार' उघडला. झेरॉक्सवाल्याला एफटीपी लावायला बोलावलंय, तो म्हणतो उद्या येतो.

जुना_सिस्टीमवाला

हलवताना आधी टॅलीत बॅकअप घ्या, मग कंपनी बंद करा, मग फोल्डर कॉपी करा, हलवू नका. तिन्ही पीसीवर डेटाचा पाथ बदला, ड्राइव्हच्या अक्षरानं नाही तर सर्व्हरच्या नावानं लिहा. जुन्या फोल्डरचं नाव बदलून आठवडाभर तसाच ठेवा. नाव बदललं नाही तर तिघींपैकी कुणीतरी एक सवयीनं जुन्याच डेटात बिलं टाकत बसेल.